डिजिटल रुपया आणि आपला खासगीपणा: नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ३१ वर्षे बँकेत होते, त्यातली बरीचशी कॅश काउंटरवर. निवृत्तीनंतर महाल, सक्करदरा, खामला या भागांतल्या बचत गटांच्या बायकांना आणि इतवारीतल्या छोट्या दुकानदारांना बँकेची कामे समजावून सांगायला जाते. तिथे ई-रुपयाबद्दल, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल रुपयाबद्दल, तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा यायला लागले, म्हणून उत्तरे एकदाची लिहून काढली. माझे मत मी झाकून ठेवलेले नाही. डिजिटल रुपया यायला माझी हरकत नाही. पण नोटेबरोबर जो खासगीपणा आपल्याला न मागता मिळत आला, तो कायद्यात लिहून दिल्याशिवाय हा रुपया घरोघरी पोचू नये, असे मला मनापासून वाटते.

ई-रुपया म्हणजे आपलं फोनपेच न?

नाही. यूपीआयने पैसे देता तेव्हा तुमच्या बँक खात्यातून समोरच्याच्या खात्यात रक्कम जाते. खात्यातला पैसा म्हणजे बँक तुमचे जे देणे लागते तो. ई-रुपया हे थेट रिझर्व्ह बँकेचे देणे आहे, जसे नोटेवर गव्हर्नरच्या सहीने धारकाला वचन दिलेले असते तसे. तो खात्यात नसतो, मोबाइलमधल्या वॉलेटमध्ये असतो. १, २, ५, १०, १०० अशा नोटा-नाण्यांच्याच किमतींत मिळतो आणि पाकिटातल्या नोटेसारखेच त्यावर व्याज मिळत नाही.

१ फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात त्याची घोषणा झाली. त्याच वर्षी वित्त कायद्याने रिझर्व्ह बँक अधिनियम, १९३४ मध्ये बदल करून नोट ‘डिजिटल स्वरूपात’ही असू शकते असे घातले. १ नोव्हेंबर २०२२ ला बँकांच्या आपापसातल्या सरकारी रोख्यांच्या व्यवहारांसाठी प्रयोग सुरू झाला, आणि १ डिसेंबरला सामान्य लोकांसाठी. त्या पहिल्या यादीत मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि भुवनेश्वर होते, नागपूर नव्हते.

मग बिटकॉइनसारखं आहे का?

अजिबात नाही. बिटकॉइनमागे कोणतीही सरकारी बँक नाही आणि त्याचा भाव वरखाली होतो. ई-रुपयाचा एक रुपया म्हणजे एक रुपयाच.

नोटेवर पण नंबर असतोच. मग ई-रुपयात वेगळं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण याचे उत्तर माझ्या हातांना माहीत आहे.

शंभर नोटांचे पाकीट बांधताना वरच्या कागदी पट्टीवर आम्ही तारखेचा शिक्का मारायचो आणि सही करायचो. पैसे देताना चेकच्या मागे लिहायचे, पाचशेच्या किती, शंभरच्या किती. पण कोणत्या नंबरची नोट कोणाच्या हातात गेली, हे मी ३१ वर्षांत एकदाही लिहिले नाही. तसे लिहायची पद्धतच नाही. नोट काउंटरच्या जाळीखालून पलीकडे सरकली की ती कॉटन मार्केटात भाजीवाल्याकडे गेली, की पोळ्याला पोरांच्या बोजाऱ्यात, म्हणजे सणाच्या खाऊच्या पैशांत पडली, हे ना बँकेला ठाऊक, ना सरकारला. नंबर नोटेवर होता, माणसावर नव्हता.

ई-रुपयाच्या प्रत्येक डिजिटल नाण्यालाही असाच नंबर असतो. फरक असा की हे नाणे हातातून हातात जात नाही, वॉलेटमधून वॉलेटमध्ये जाते. वॉलेट तुमच्या मोबाइल नंबरला आणि बँकेच्या केवायसीला जोडलेले असते. म्हणजे कोणते नाणे कोणाकडून कोणाकडे गेले, याची नोंद होऊ शकेल अशी यंत्रणा मुळातच तयार असते. ती नोंद कोणी, कधी, कशासाठी उघडायची, एवढाच प्रश्न उरतो. नोटेच्या बाबतीत हा प्रश्नच नव्हता, कारण उघडायला वहीच नव्हती.

पण रिझर्व्ह बँक तर म्हणते की छोट्या व्यवहारांत नाव कळणार नाही?

म्हणते, आणि ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. ७ ऑक्टोबर २०२२ च्या संकल्पना टिपणात छोट्या रकमांसाठी रोखीसारखी अनामिकता आणि मोठ्या रकमांचा माग, असा विचार मांडलेला आहे. वॉलेट ते वॉलेट झालेला खर्च पासबुकात उमटत नाही. पासबुकात फक्त वॉलेटमध्ये टाकलेली आणि परत खात्यात घेतलेली रक्कम दिसते. तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी असेही सांगितले होते की अनामिकता कायद्याने किंवा तंत्राने देता येईल, उदाहरणार्थ व्यवहाराची नोंद कायमची पुसून टाकून.

माझी अडचण वेगळी आहे. हे टिपण आहे, भाषण आहे. २०२२ च्या कायदेबदलात नोट डिजिटल असू शकते एवढे आले. धारकाच्या खासगीपणाबद्दल त्यात एक ओळही नाही. छोटी रक्कम म्हणजे किती, नोंद किती दिवसांनी पुसायची, पुसली हे कोण तपासणार, यातले काहीच कायद्यात नाही. आजचे धोरण उद्याच्या परिपत्रकाने बदलते. मी अशी शेकडो परिपत्रके काउंटरवर लावली आणि काढली आहेत.

आणखी एक गोष्ट दुकानदारांनी लक्षात ठेवावी. गिऱ्हाइकाने ई-रुपयाच्या वॉलेटमधून तुमचा साधा यूपीआय क्यूआर स्कॅन केला, तर तुमच्याकडे ती रक्कम बँक खात्यातच जमा होते. म्हणजे निदान तुमच्या बाजूने तो नेहमीसारखा खात्यातला व्यवहार झाला.

आम्ही काही चोरी करून राहिलो का? आम्हाला काहून भीती पाहिजे?

सक्करदऱ्यातल्या एका गटात एक ताई हे तावातावाने बोलल्या, आणि बाकीच्या माना डोलवत होत्या. मी त्यांना माझ्या आईच्या डब्याबद्दल सांगितले.

आई तांदळाच्या डब्यात कडुनिंबाचा पाला ठेवायची, किडे लागू नयेत म्हणून. त्याच डब्यात तळाशी दहा-दहाच्या नोटा चार घड्या घालून ठेवलेल्या असायच्या. बाहेर काढल्या की त्यांना पाल्याचा वास यायचा. बाबांना त्या डब्याचा पत्ता नव्हता. बँकेच्या परीक्षेच्या फॉर्मचे पैसे मला त्या डब्यातून मिळाले, कारण बाबांचे मत होते की मुलीने आता फॉर्म भरत बसू नये. आईने कोणाची चोरी केली होती? किराण्यातून वाचवलेले तिचेच पैसे होते. फक्त कोणाला सांगायचे नव्हते.

हे सांगून झाल्यावर गट थोडा वेळ गप्प होता. मग एकेक बोलू लागली. एकीचा नवरा रोज रात्री तिचा मोबाइल घेऊन मेसेज वाचतो, म्हणून ती शिलाईचे पैसे रोखच घेते. एक जण मेडिकल चौकातल्या दुकानातून मुलाची मानसिक आजाराची औषधे घेते आणि मुलाच्या सोयरिकीच्या वेळी हे कुठे उघड होईल याची तिला धास्ती आहे. एक जण भावाला हातउसने देते आणि सासरी बोलत नाही.

खर्चाची यादी म्हणजे माणसाचा आरसा असतो. कोणत्या डॉक्टरकडे जातो, कोणत्या संघटनेची वर्गणी भरतो, कोणत्या मंदिरात, विहारात किंवा दर्ग्यात दान देतो, कोणत्या वकिलाला भेटला, महिन्याच्या कोणत्या तारखेला हात रिकामा होतो, हे सगळे त्यात दिसते. बोललेले एखादे वाक्य नाकारता येते. खर्चाची नोंद नाकारता येत नाही.

रोखीमुळेच काळा पैसा होतो ना? मग सगळं दिसलेलं बरंच.

मोठ्या रोखीवर नजर ठेवायला नियम आधीच आहेत. बँकेत ठरलेल्या मर्यादेच्या वर रोख भरली तर पॅन द्यावा लागतो. एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घेणे आयकर कायद्याने मना आहे. १० लाखांच्या वरचे रोख व्यवहार बँका सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला कळवतात. हे फॉर्म मी स्वतः भरले आहेत. हे नियम हवेतच, ते कडकपणे पाळले जावेत असेही मला वाटते.

पण २ लाखांवर नजर ठेवण्यासाठी २० रुपयांच्या चहाची नोंद लागत नाही. संशय आला की त्या माणसाची, कारण देऊन, अधिकाऱ्याच्या सहीने चौकशी करणे एक गोष्ट झाली. सगळ्यांची सगळी नोंद आधी गोळा करून मग त्यात संशय शोधणे ही अगदी दुसरी. नोटा छापायचा खर्च खरा आहे, २०२४-२५ मध्ये तो ६,००० कोटी रुपयांच्या वर गेला, आणि खोट्या नोटांचा त्रासही खरा आहे. ई-रुपयाचे हे फायदे मी मान्य करते. ते मिळवायला माग काढायची सोय जोडावीच लागते असे नाही.

‘प्रोग्राम केलेला रुपया’ म्हणजे काय हो?

म्हणजे ज्याच्यावर अट लिहिलेली आहे असा रुपया. फेब्रुवारी २०२४ च्या पतधोरणात रिझर्व्ह बँकेने हे जाहीर केले. सरकारी लाभाची रक्कम ठरलेल्या कामालाच वापरता येईल, कंपनीला कर्मचाऱ्याच्या प्रवासखर्चाचे पैसे त्याच कामापुरते बांधून देता येतील. शिवाय असा रुपया किती मुदतीत आणि कोणत्या भागात चालेल हेही ठरवता येईल.

पैशाला मुदत आणि हद्द. हे दोन शब्द मी गटात फळ्यावर लिहिले तेव्हा बायकांनी लगेच लाडक्या बहिणीच्या १,५०० रुपयांबद्दल विचारले. ते पैसे आज बँक खात्यात येतात आणि त्यांचे काय करायचे ते ती बाई ठरवते. त्यांना कोणी अट घातलेली नाही, तसे ठरल्याचेही मी म्हणत नाही. पण कल्पना करा की उद्या एखाद्या योजनेचा रुपया फक्त किराण्याला चालेल, तीस दिवसांत संपेल, आणि नागपूर जिल्ह्याबाहेर चालणार नाही. बाईला भंडाऱ्याला आईच्या आजारपणात जायचे आहे. बसचे तिकीट काढता येईल का? गेल्या महिन्याचे वाचवून शिलाई मशीन घेता येईल का?

खताच्या अनुदानाचे पैसे खतालाच जावेत, यात तथ्य आहे. बियाणे घ्यायला दिलेले कर्ज दारूच्या दुकानात जाऊ नये, हे शेतकऱ्याच्या घरातली बाईच सगळ्यात जोरात सांगेल. म्हणून मी याला सरसकट नाही म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की अट पाळली गेली का हे तपासायला प्रत्येक खरेदी बघावी लागते. अट आली की पाळत आलीच. आणि एकदा अट लिहायची सोय झाली की कोणती अट रास्त आणि कोणती नाही, हे ठरवायचा अधिकार अट लिहिणाऱ्याकडे जातो, पैसा ज्याचा आहे त्याच्याकडे राहत नाही.

वॉलेट कोणी बंद करू शकते का?

खाते गोठू शकते तसे वॉलेटही गोठवता येईल असे धरून चाला.

धरमपेठेत तर्री पोह्यांची गाडी लावणारा एक ओळखीचा मुलगा आहे. एक दिवस तेलाच्या दुकानात त्याचे पेमेंट होईना. बँकेत गेला तर कळले की खाते होल्डवर आहे. कोण्या गिऱ्हाइकाने त्याला क्यूआरवर ४० रुपये दिले होते. ते पैसे फसवणुकीतून फिरत आलेले निघाले आणि तक्रार दूरच्या राज्यात नोंदलेली होती. वादातले पैसे ४० रुपये, अडकले २३,०००. तो पासबुक घेऊन माझ्याकडे आला. अर्ज मी लिहून दिला, चार हेलपाटे दोघांनी मिळून घातले, खाते सुटायला अडीच महिने लागले.

फसवणूक झालेल्या माणसाचे पैसे वाचवायला पटकन थांबवण्याची सोय असावी, यात वाद नाही. पण ४० रुपयांसाठी ४० च अडवायला हवे होते. त्या अडीच महिन्यांत तो पोरगा तगला कसा? गल्ल्यात रोकड होती. दुसऱ्या दिवशी पहाटे पोहे, बटाटे, तेल त्याने त्यातूनच आणले, आणि गाडी लागली.

आपला कायदा काय म्हणतो?

इथे धीर येण्यासारखे बरेच आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये म्हटले होते की बँकेकडे गेलेल्या नोंदींवर ग्राहकाला खासगीपणाचा घटनात्मक हक्क सांगता येत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये कॅनरा बँकेच्या खटल्यात ती वाट धरली नाही. खासगीपणा जागेला चिकटलेला नसतो, माणसाला असतो, म्हणून कागद बँकेत ठेवले तरी तो संपत नाही, असा तो निकाल आहे. मग २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. सरकारला त्यात हात घालायचा तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि उपाय हेतूच्या मानाने अति नको.

दुसरी बाजू अशी की २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात केंद्र सरकार अधिसूचना काढून आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देऊ शकते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि महत्त्वाच्या बऱ्याच तरतुदी १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. आणि ज्या नोंदीची सगळ्यात जास्त काळजी, ती सरकारी यंत्रणेच्या हातातच असण्याचा संभव.

नाव झाकून डिजिटल पैसा देता येतो का, की हे नुसतं बोलायचं?

देता येतो, आणि हे नवीनही नाही. डेव्हिड चॉम या अमेरिकी संशोधकाने १९८२ मध्येच त्याची रीत मांडली. कार्बन पेपर ज्यांनी वापरलाय त्यांना लगेच कळेल. तुम्ही एका चिठ्ठीवर तुमच्या मनाचा नंबर लिहिता, कार्बन लावलेल्या पाकिटात घालून पाकीट बंद करता आणि बँकेला देता. बँक तुमच्या खात्यातून शंभर रुपये कापते आणि पाकिटावर बाहेरून शिक्का मारते. कार्बनमुळे शिक्का आतल्या चिठ्ठीवर उमटतो, पण बँकेने नंबर पाहिलेला नसतो. घरी येऊन पाकीट फाडले की हातात बँकेची खरी नोट असते. दुकानदार ती घेऊन बँकेत जातो तेव्हा शिक्का आपलाच आहे हे बँक ओळखते, पण ती कोणाला दिली होती हे सांगू शकत नाही. तीच चिठ्ठी दुसऱ्यांदा आली तर नंबरावरून पकडली जाते. प्रत्यक्षात पाकिटाच्या जागी गणित असते.

चॉम यांची कंपनी १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण रीत जिवंत राहिली. २०२१ मध्ये स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने चॉम सहलेखक असलेला एक निबंध प्रसिद्ध केला, त्यात याच पायावर मध्यवर्ती बँकेचे चलन कसे काढता येईल ते मांडले आहे. त्यात पैसे देणाऱ्याचे नाव झाकलेले राहते आणि घेणाऱ्याची मिळकत दिसते, म्हणजे दुकानदाराला कर चुकवता येत नाही. बचत गटातल्या बाईची काळजी आणि आयकर अधिकाऱ्याची काळजी, दोन्ही एकाच वेळी भागतात. त्यामुळे ‘तंत्राला ते जमत नाही’ असे कोणी सांगितले तर पटवून घेऊ नका.

बाकीच्या देशांत काय चाललंय?

चीनने २०२० पासून शेन्झेनसारख्या शहरांत डिजिटल युआनचे प्रयोग केले. तिथे लहान वॉलेट नुसत्या फोन नंबरवर मिळते आणि मर्यादा वाढवायची तर ओळख द्यावी लागते. नायजेरियाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ई-नायरा आणला, लोकांनी फारसा घेतला नाही. युरोपीय मध्यवर्ती बँकेने डिजिटल युरोबद्दल लोकांची मते मागवली तेव्हा ८,००० च्या वर उत्तरे आली आणि त्यांत ४३ टक्के लोकांनी खासगीपणा सगळ्यात आधी मांडला. अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने असे चलन काढायलाच मनाई झाली, आणि त्या आदेशात खासगीपणाला असलेला धोका हे एक कारण दिलेले आहे.

रोकड बंद होणार का?

तसे कोणी जाहीर केलेले नाही. मार्च २०२५ अखेर ई-रुपया सुमारे १,०१६ कोटींचा होता आणि नोटा ३६ लाख कोटींच्या वर. दर दहा हजारांच्या नोटांमागे ई-रुपयाचे तीन रुपयेही नाहीत.

तरी लोक विचारतात, कारण ८ नोव्हेंबर २०१६ कोणी विसरलेले नाही. मी तेव्हा काउंटरवर होते. सुरुवातीला ४,००० रुपयांच्या जुन्या नोटा बदलून मिळत, त्यासाठी फॉर्म आणि ओळखपत्राची झेरॉक्स लागे. नंतर बोटाला शाई लावायलाही सांगण्यात आले. एका म्हाताऱ्या बाईने पदराच्या गाठीतून पाचशेच्या तीन नोटा काढल्या आणि मागे उभ्या असलेल्या मुलाकडे बघून माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “याले सांगू नको बाई.” माझ्यासमोर तिचे नाव, पत्ता आणि रक्कम लिहिलेला फॉर्म होता.

मग आपण मागायचं काय?

संविधान चौकात बाबासाहेबांचा पुतळा आहे आणि तिथेच रिझर्व्ह बँकेची इमारत. १९२५ मध्ये भारताच्या चलनाचा विचार करायला नेमलेल्या हिल्टन यंग आयोगासमोर बाबासाहेबांनी साक्ष दिली होती. चलन काढणाऱ्याच्या मर्जीवर सगळे सोडू नये, त्याला नियमाची वेसण हवी, हा त्यांच्या चलनविषयक विचाराचा गाभा होता. त्याच आयोगाने शिफारस केलेली मध्यवर्ती बँक पुढे १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली.

आज तीच वेसण खासगीपणासाठी मागायची आहे. किती रकमेपर्यंत नाव नोंदले जाणार नाही, हा आकडा संसदेच्या कायद्यात असावा. नोंद उघडायची तर न्यायालयाचा आदेश लागावा आणि ज्याची उघडली त्याला पुढे कळवावे. मुदत-हद्दीची अट लाभार्थ्याला आधी सांगून, त्याच्या संमतीनेच लागावी. नोट नाकारता येणार नाही, हेही सोबत लिहावे. आपल्या खासदाराला मराठीत पत्र लिहिले तरी चालते. आमच्या दोन गटांनी लिहिले आहे.

आत्ता वॉलेट घेऊ की नको?

हवे तर घ्या, लहान रक्कम ठेवून वापरून पाहा. ॲप तुमच्याच बँकेच्या अधिकृत दुव्यावरून घ्या, कोणी फोनवर पाठवलेल्या लिंकवरून नाही. उघडताना काँटॅक्ट, लोकेशन असे काय काय मागते ते वाचा आणि नको ते नाकारा. घरातली सगळी बचत त्यात टाकू नका, महिनाभराचा किराणा भागेल एवढी रोकड जवळ असू द्या.

घेतलं आणि नको झालं तर?

वॉलेटमधली रक्कम खात्यात परत घ्या, मग ॲपमधूनच वॉलेट बंद करा. नुसते ॲप पुसले म्हणजे वॉलेट बंद होत नाही. बँकांना व्यवहारांच्या नोंदी किमान पाच वर्षे जपाव्या लागतात, म्हणून वॉलेटची कोणती नोंद, कोणाकडे आणि किती वर्षे राहणार, हे शाखेत लेखी विचारा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायला विसरू नका.